कासवदृष्टी आणि माहेरवाशीण

लोहाऱ्यापासून सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे, आणि तो आपल्या पाण्याचा समुद्र नव्हे. आपल्याकडे पडलेला पाऊस कोकणात उतरत नाही. तेरखेड्याच्या बाजूने येणारी तेरणा तेरवरून, माकणीच्या धरणातून पुढे जाऊन मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. जे ओढे दक्षिणेला भीमा-कृष्णेकडे वळतात त्यांचाही शेवट त्याच समुद्रात होतो. माणसांची वाट मात्र जुन्या काळी उलट दिशेची होती. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या पुस्तकात तगरचे नाव येते. तिथले कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरावर नेत, असे त्यात सांगितले आहे. पाणी पूर्वेच्या समुद्राला आणि माल पश्चिमेच्या समुद्राला, असे हे आपल्या मुलखाचे दुहेरी नाते आहे. तेव्हा लोहाऱ्यात बसून कुणी समुद्रावर लिहिले तर त्यात वावगे मानू नये.

समुद्रातले जीव राखण्याच्या कामी लोकांच्या रचनेचा काय उपयोग होतो, हा या लेखाचा विषय. रचना हा शब्द मी मुद्दाम सैल अर्थाने वापरतो. कवीचे नाव छापलेले तेवढेच लेखन म्हटले तर या विषयात फारसे काही हाती लागत नाही. पण ओवी, गाऱ्हाणे, पथनाट्य, एखाद्या प्राण्याला ठेवलेले नाव, गावात आलेल्या पाहुण्याला रोज सांगितलेली आणि सांगता सांगता घडत गेलेली गोष्ट, हे सगळे धरले तर सामग्री बरीच आहे. निसर्ग-संवर्धनाचे अहवाल या सगळ्याला 'जनजागृती' असे एक नाव देऊन एका परिच्छेदात उरकतात. मला ते पटत नाही. जिथे जीव वाचले तिथे लोकांनी आधी त्या जिवाशी घरातले नाते जोडले होते, आणि त्या नात्याने येणारा खर्च कुणी करायचा हेही ठरवले होते, असे माझ्या पाहण्यात आले आहे. यातली एक बाजू सुटली की दुसरी टिकत नाही.

सुरुवात कासवापासून करू, कारण समुद्र न पाहिलेल्या मराठी माणसालाही कासव परके नाही. देवळात शिरले की गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला हात लावूनच आपण पुढे जातो. संतांच्या रचनेत तर कासवी वारंवार येते. कल्पना अशी, की कासवी नदीच्या एका तीरावर आणि पिल्ले दुसऱ्या तीरावर. ती त्यांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, नुसत्या नजरेने पोसते. गुरूची किंवा विठ्ठलाची कृपा सांगायला ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत हा दाखला चालत आला. 'कासवदृष्टी' हा शब्दच त्यातून रूढ झाला. आमच्याकडच्या कीर्तनात तो अजून ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

प्रत्यक्षात जे घडते ते याच्या अगदी उलट आहे. आपल्या किनाऱ्यावर घरटी करणारे समुद्री कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी मडक्यासारखा खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, स्वतःच्या अंगाने ती थोपटून घट्ट करते आणि तासाभरात समुद्रात निघून जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. साधारण ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या उबेवर राहतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. पिल्ले वर आली की जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो, दिवे लागलेल्या किनाऱ्यावर हॉटेलाचा. आईने पिल्लू कधी पाहिलेले नसते आणि पिल्लाने आई. संतांनी ज्या नजरेचे वर्णन केले ती नजर कासवीकडे नाही. ती नजर दुसऱ्या कुणाला तरी उसनी द्यावी लागते.

ही उसनी नजर कोकणात कशी आली त्याची हकीकत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात बाणकोटजवळ वेळास नावाचे गाव आहे. तोवर त्याची ओळख नाना फडणविसांचे गाव एवढीच. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी तिथे गेले असता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्या काळी कोकणात घरटे सापडले की माणसे अंडी काढून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणीला घेतले. पहाटे किनारा चालायचा, कासवाचा माग ओळखायचा, अंडी त्याच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाच्या आत हलवायची, पिल्ले निघाली की मोजून सोडायची. घरटे कुठे असते हे ज्ञान पूर्वी अंडी खाण्याच्या कामाचे होते, ते आता राखणीच्या कामाचे झाले. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, गावातले जेवण जेवतात, पहाटे आणि संध्याकाळी पिल्ले समुद्रात जाताना पाहतात.

यात रचना कुठे आली? माझ्या मते दोन शब्दांत आली. एक 'कासवांचं गाव' आणि दुसरा 'कासवमित्र'. गावाने स्वतःला नवे नाव घेणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे गावाचे नाव बदलायचे म्हटले तर काय काय होते ते आपण जाणतोच. इथे सरकारी दप्तरात काहीच बदलले नाही, पण एकदा 'कासवांचं गाव' म्हणून पाहुणे यायला लागल्यावर त्या गावात अंडी उकरणे म्हणजे गावाच्या नावाला बट्टा लावणे झाले. 'कासवमित्र' या शब्दाने तर राखणदारी करणाऱ्याला उपाधी दिली. पुढे ही रीत आणि हा शब्द दोन्ही किनाऱ्यावरच्या इतर गावांत गेले. वर्तमानपत्रांनी मात्र याच्याही आधीचा एक तयार शब्द उचलला, 'माहेरघर'. वेळास कासवांचे माहेरघर, गुहागर कासवांचे माहेरघर, असे मथळे दरवर्षी येतात. बातमीदाराने तो सवयीने लिहिला असेल, पण त्या शब्दात किती दारूगोळा आहे हे कळायला गुजरातचे उदाहरण पाहावे लागते.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ, सुत्रापाडा, धामळेज या भागात व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा. बारा मीटर लांबीचा म्हणजे आपल्या एसटीपेक्षा मोठा, आणि खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव गाळून. माणसाला त्याच्यापासून भय नाही. १९९० च्या दशकात यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी त्याची मोठी शिकार झाली. मासा दमून वर यावा म्हणून त्याला गळाने मोठी पिंपे बांधत. त्यावरून मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणू लागले. ज्या साधनाने मारायचे त्याच साधनाचे नाव जनावराला. माइक पांडे यांनी या शिकारीवर माहितीपट केला, तो २००० साली जगभर गाजला, आणि २००१ साली व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. त्या यादीत आलेला हा पहिला मासा.

कायदा झाला तरी किनाऱ्यावर तो बॅरलच राहिला. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरातचा वन विभाग यांनी इतरांच्या मदतीने मोहीम काढली. मोहिमेच्या मंडळींनी कायद्याचे कलम सांगण्याऐवजी कथाकार मोरारी बापूंना विनंती केली. बापूंनी सांगितले ते थोडक्यात असे: ही मासोळी लेकुरवाळी व्हायला आपल्या किनाऱ्याला येते, म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, घरी आलेल्या गर्भार लेकीला कुणी मारते का? नाव ठेवले 'व्हाली', म्हणजे लाडकी. याच गोष्टीची पथनाट्ये गावोगाव झाली. हवा भरून फुगवलेला खऱ्या मापाचा व्हेल शार्क बंदरांवर फिरवला गेला. गुजरातेत कार्तिक अमावास्येला, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर महिन्याने, व्हेल शार्क दिवस पाळतात. जाळ्यात सापडलेली व्हाली जाळे कापून सोडायची, हा तिथल्या मच्छीमारांचा रिवाज झाला आणि शेकडो व्हाली अशा सुटल्या.

ही गोष्ट ऐकल्यावर मला आठवले ते आमच्या भागातले जाते. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणल्या. त्या संग्रहात आणि मी स्वतः तेरणेकाठच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या ओव्यांत माहेर हा विषय इतका आहे की तो काढला तर ओवीचे अर्धे अंग जाईल. पण या ओव्या नीट ऐकल्या तर त्यांत नुसता जिव्हाळा नाही, हिशेब आहे. पहिले बाळंतपण माहेरी. चोळी-बांगडी बापाने करायची. न्यायला भावाने यायचे. भावाने नाही नेले, भावजयीने तोंड फिरवले, तर ते ओवीत येणार आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाणार. माहेर म्हणजे प्रेम करणारे घर एवढाच अर्थ नाही. ज्या घराला लेकीचा खर्च टाळता येत नाही ते घर, असाही आहे. दिवाळीत भाऊबीजेला बहीण येते तेव्हा भावाची ऐपत कुणी विचारत नाही.

म्हणूनच व्हालीची गोष्ट नुसती गोड म्हणून चालली नाही. तिने बापाच्या जागी बसवलेल्या मच्छीमाराला कर्तव्य लावले, आणि ते कर्तव्य त्याच्या समाजात आधीपासून ठरलेले होते. पण जाळे ही मच्छीमाराची शेती आहे. ते कापायचे म्हणजे आमच्याकडे उभे सोयाबीन नांगरून टाकण्यासारखे. इथे शहाणपणाचा भाग असा झाला, की गुजरातच्या वन विभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली, आणि पुढे मच्छीमारांना कॅमेरे देऊन मासा सोडल्याचा पुरावा त्यांनीच टिपावा अशी सोय झाली. त्यामुळे अधिकारी येईपर्यंत माशाला जाळ्यात अडकवून ठेवायची गरज राहिली नाही. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित समुद्री जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई ठरवली. त्यालाही मच्छीमाराने काढलेले चित्रणच पुरावा म्हणून चालते. कासव सोडतानाची ती हलती, वाऱ्याने गुरगुरणारी, मधूनच कुणी 'जा गं बाई' म्हणत असलेली चित्रणे फोनवर फिरतात. मी त्यांना लोकसाहित्यच म्हणतो. शंभर वर्षांनी कुणी ओव्यांसारखी ती गोळा करील.

गोष्ट नसली की काय होते ते मालवणला दिसते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे पाणी त्यात येते. प्रवाळ, शेवाळ, मासे यांनी भरलेली ही जागा राखण्याच्या लायकीची आहे यात शंका नाही. पण अभयारण्य आले ते राजपत्रातून आणि नकाशातून. स्थानिक मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला आणि कागदावरचे अभयारण्य पाण्यात नीट उतरलेच नाही. ज्या सिंधुदुर्गात देवासमोर गाऱ्हाणे घालायची एवढी ताकदवान रीत आहे, जिथे बोलणाऱ्याच्या प्रत्येक मागणीला सगळा जमाव एका आवाजात होकार देतो, तिथे समुद्राच्या वतीने गाऱ्हाणे घालायला कुणाला सांगावेसे वाटले नाही, याचे मला फार नवल वाटते. गाऱ्हाण्यात मागणे असते, कबुली असते आणि साक्षीला गाव असतो. राजपत्रात यातले एकही नसते.

परदेशातही अनुभव फारसा वेगळा नाही. रेचल कार्सन या अमेरिकेच्या मत्स्य खात्यात नोकरीला होत्या. समुद्रातल्या जीवनावरच्या माहितीपत्रकासाठी त्यांनी मजकूर लिहिला तेव्हा, हा माहितीपत्रकासाठी फारच चांगला आहे, मासिकाला पाठवा, असे वरिष्ठांनी सांगितले. तो १९३७ साली छापून आला आणि त्यातून पुढे १९४१ चे 'अंडर द सी-विंड' हे पुस्तक जन्मले. खात्याच्या कागदात न मावलेले लेखनच जगाने वाचले. दुसरे उदाहरण कुबड्या देवमाशांच्या गाण्याचे. रॉजर पेन यांनी १९७० साली त्या आवाजांची तबकडी काढली. तोवर तेल आणि चरबी म्हणून मोजला जाणारा प्राणी गातो असे लोकांनी कानांनी ऐकले, आणि देवमासे वाचवण्याच्या चळवळीला जोर आला. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, तो १९८६ पासून लागू झाला. त्या ठरावामागे कारणे अनेक होती, पण गाण्याचा वाटा कुणी नाकारत नाही.

या सगळ्यात कुणी लिहावे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो वाटण्याचे कारण आमच्या मातीतले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षे आमच्यावर कितीतरी कविता आल्या. चांगल्या हेतूने आल्या. त्यांत ढिगारे होते, अश्रू होते, आकाशाकडे उचललेले हात होते. आमच्या बायकांनी पत्र्याच्या शेडमध्ये बसून जी गाणी बांधली त्यांत मात्र पत्रा किती तापतो, नव्या वसाहतीत शेजारी कोण आले, जुन्या गावची वेस आता कुणाची, हे होते. बाहेरच्याने आमचे दुःख लिहिले, घरच्याने व्यवहार लिहिला, आणि पुढे जगायला व्यवहारच कामी आला. समुद्रावरच्या शहरी कवितांत मला तीच ढिगाऱ्याची भाषा दिसते. प्लास्टिकने गुदमरलेले कासव त्यांत हमखास असते. कोळ्याचे कर्ज, डिझेल, बर्फ, रिकामा हेलपाटा यांचा पत्ता नसतो. अशा कवितेला शाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळेल, पण तिच्यामुळे कुणी जाळे कापणार नाही.

कोळ्यांच्या स्वतःच्या रचनेत राखणीचा भाग आहे का? आहे, पण तो गाण्यात कमी आणि सणात जास्त आहे. कोळीगीतांत भरून आलेले होडके, नाखवा, बाजार, लग्न यांचा आनंद मोठा. ती उत्सवाची गाणी आहेत, त्यांच्याकडून तक्रार मागू नये. नारळी पौर्णिमा मात्र पाहा. नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो हे कारण खरेच, पण बऱ्याच मासळीच्या विणीचा काळही तोच. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. म्हणजे त्या वर्षी सणाने सांगितलेली बंदी सरकारी बंदीपेक्षा जवळजवळ महिन्याने लांब होती. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी जुनी आहे. यांत्रिक बोटीवाल्यांना ते परवडत नाही. सण कुणाचा आणि हंगाम कुणाचा, असा हा वाद आहे.

भाषेतही काही राखणदार शब्द बसलेले असतात. पापलेटच्या लहान पिल्लांना बाजारात 'कावलेट' म्हणतात. वेगळा शब्द आहे म्हणजे वेगळी वस्तू आहे असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि स्वस्तात मिळते म्हणून तो घेतो. २०२३ साली महाराष्ट्राने सिल्व्हर पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर केला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून त्याहून लहान पकडू नये असा नियम केला. नियम मिलिमीटरमध्ये आहे. बाजारात मिलिमीटर कोण मोजतो? 'कावलेट म्हणजे उद्याचा पापलेट' एवढे कोळणीच्या तोंडून गिऱ्हाइकाच्या कानी गेले तर मोजपट्टीपेक्षा जास्त काम होईल. 'बॅरल'चे 'व्हाली' करण्यासारखेच ते आहे, फक्त इथे नाव बदलायचे नाही, नावाआड दडलेले नाते उघड करायचे आहे.

आता या माहेराच्या गोष्टीतली अडचण. व्हालीच्या बाबतीत, गर्भार माद्या नेमक्या त्या किनाऱ्यावर पिल्ले घालायला येतात हे गोष्ट रचली तेव्हा शास्त्राने सिद्ध केलेले नव्हते. या माशाच्या बाळंतपणाबद्दल जगालाच फार थोडे ठाऊक आहे. १९९५ साली तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्ले निघाली, तेव्हा तो अंडी बाहेर टाकत नाही, पिल्लांना जन्म देतो, हे पक्के झाले. कासवांच्या बाबतीत माहेराचा दाखला जास्त खरा, कारण मादी मोठी झाल्यावर जिथे जन्मली त्या भागात अंडी घालायला परतते असे मानले जाते. पण तिथेही एका कासवीने गणित चुकवले. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी बसवली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरांचा प्रवास, आणि दोन्ही किनाऱ्यांवर बाळंतपण. हिचे माहेर कोणते म्हणायचे?

याच गुहागरात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली होती. त्यांना नावे दिली बागेश्री आणि गुहा. त्याआधी २०२२ साली वेळासच्या पहिल्या मादीला प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीला सावनी. बागेश्री दक्षिणेला उतरली, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली, आणि महाराष्ट्रातली मुले शाळेत तिचा नकाशा पाहत होती. ०३२३३ ने उलट दिशेने त्याहून मोठी कहाणी घडवली, पण तिला नाव नसल्यामुळे ती बातमी दोन दिवसांत विरली. शास्त्रज्ञाला क्रमांक पुरतो. लोकांना पुरत नाही. मात्र दोन्ही मिळून जे सांगतात ते गोष्ट रचणाऱ्याने विसरू नये: कोकणाचे कासव आणि बंगालच्या उपसागराचे कासव वेगळे नाही. खऱ्या माहितीमुळे गोष्ट मोडत नाही, तिला दुसरे घर मिळते. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे वावरणारी बाई आपल्या ओव्यांत आहेच की.

दुसरी अडचण जास्त बिकट आहे. नाते जोडायला सोपे असे जीव थोडे. कासवाला डोळे आहेत, ते रडते असे वाटते (खारे पाणी गाळून टाकणाऱ्या ग्रंथींचे ते काम आहे). व्हेल शार्क मोठा आहे, निरुपद्रवी आहे. चिखल, शेवाळ, समुद्री साप, मुशीची बारकी पिल्ले, तिवरांच्या मुळांवरचे शिंपले यांना लेक कोण म्हणणार? २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केले, पण त्या झाडावर ओवी बांधलेली मी तरी ऐकलेली नाही. इथे माहेराचा दाखला चालणार नाही, दुसरे नाते लागेल. शेतकऱ्याला बांध कळतो, गायरान कळते, गावची सामाईक विहीर कळते. कांदळवन म्हणजे समुद्राचे गायरान असे कुणी रचले तर ते आमच्याकडेही पोचेल.

लोहाऱ्याच्या शाळांत हस्तलिखिते अजून निघतात. त्यांत 'समुद्र' या विषयावर मुलांनी लिहिलेले मी वाचले आहे. बहुतेकांत लाटा, सूर्यास्त आणि नारळाची झाडे असतात, चित्रातून उचललेली. त्याऐवजी तेरणेवर लिहायला सांगावे. माकणीच्या धरणात जो गाळ बसतो तो एरवी मांजरेतून, गोदावरीतून समुद्राच्या तोंडापर्यंत गेला असता. गोदावरीच्या खोऱ्यातल्या लहानमोठ्या धरणांनी हा गाळ अडवल्यामुळे आंध्रातला तिचा त्रिभुज प्रदेश खचत चालला आहे, आणि त्याच मुखाजवळच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जानेवारीपासून अंडी घालायला येतात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तळ्यांतला गाळ शेतात टाकतात. माझ्याही शेजारच्या रानात चार ट्रॅक्टर पडला आहे आणि त्यावर ज्वारी चांगली येते. त्या ज्वारीच्या रानात उभे राहून, ही वाळू-माती कुणाच्या घरट्याची होती, असे मुलांना विचारावे आणि ती काय लिहितात ते पाहावे. जात्यावर बसलेल्या त्यांच्या पणज्यांनी न पाहिलेल्या पंढरीच्या वाटा ओवीत आणल्या होत्या. राजमहेंद्री पंढरपूरपेक्षा लांब आहे, पण पाणी रोज तिकडेच जाते.